शांता अजून चालू आहे

१

रवींद्र गांगुर्डे गेल्यानंतर काही आठवड्यांनी त्यांच्या मुलीने, मेघनाने, कळव्याचा बंद फ्लॅट उघडला. स्वयंपाकघरातल्या उंच फळीवर चार यंत्रं असायला हवी होती. तिथे तीनच होती.

साबणाच्या डबीएवढी ती यंत्रं. त्यांना पडदा नव्हता, कीबोर्ड नव्हता. एक विजेची वायर, एक इंटरनेटची वायर, बस्स. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या रवींद्रनी ती स्वतः लावली होती. जगात कुठेतरी शास्त्रज्ञांची मोठमोठी गणितं असतात, आजारांची, औषधांची. ती तुकडे करून घरोघरच्या संगणकांना वाटतात. ज्याचा संगणक रिकामा असेल त्याने एक तुकडा सोडवायचा आणि परत पाठवायचा. पगार नाही, बक्षीस नाही. प्रकल्पाच्या पानावर तुमच्या यंत्राच्या नावापुढे गुण वाढतात, एवढंच.

प्रत्येक यंत्राला रवींद्रनी नाव दिलं होतं. गायब झालेल्या यंत्राचं नाव होतं शांता. मेघनाच्या आईचं नाव. शांताबाई कॅन्सरने गेल्या, त्याच आठवड्यात रवींद्रनी ते सुरू केलं होतं.

"चोरी झालीय ते मला कळलं कसं, माहितीय?" मेघना ठाण्याला कोर्टाजवळच्या छोट्या ऑफिसात बसून सांगत होती. "पप्पांचे अंत्यसंस्कार झाले, चार दिवस राहिले, मेन स्विच बंद करून मी नाशिकला परत गेले. नंतर खालच्या मजल्यावरच्या दातारकाकांचा फोन आला. ते पण हेच करतात, दोघांची एकच टीम. म्हणाले, मेघना, तीन यंत्रं बंद पडली ते समजू शकतो. पण शांता अजून चालू आहे. रोज काम पाठवतेय."

टेबलापलीकडे बसलेल्या खासगी गुप्तहेर स्वप्ना कांबळेने पेन खाली ठेवलं. लग्नाआधी मुलाची चौकशी, पळून गेलेला भागीदार, अशी कामं ती करायची. दिवसभर दुसऱ्यांच्या घरात काय चाललंय ते शोधायचं आणि संध्याकाळी चरईतल्या आपल्या खोलीचं कुलूप आपणच उघडायचं. अशी केस मात्र तिच्याकडे कधी आली नव्हती.

"कोणावर संशय?"

"संशय कसला, खात्रीच आहे. गोदा. रोज सकाळी स्वयंपाकाला यायची, किल्ली तिच्याकडेच. तिचा भाचा दिपेश केबल-इंटरनेटचं काम करतो. तिने उचललं, त्याने जोडलं. सोसायटीच्या गेटवर तिला बंदी घालून आलेय. उद्या पोलिसात जाणार. फक्त ते यंत्र कुठे आहे तेवढं मला शोधून द्या. आईच्या नावाचं आहे हो ते. कोणा चोराच्या घरात चाललंय."

"पोलिसात जायला दोन दिवस थांबा," स्वप्ना म्हणाली. "आधी मला ती फळी बघू दे."

२

बंद घराला एक वास असतो. कळव्याच्या त्या फ्लॅटला तो पुरता लागला होता. हॉलमध्ये बुद्धांची लहान मूर्ती, शेजारी शांताबाईंचा फोटो, आणि जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या. एका खुर्चीची बैठक झिजलेली, दुसरीची अगदी नवी.

स्वप्ना स्टुलावर चढली. फळी गॅसच्या ओट्याच्या बरोब्बर वर होती.

"फळी कोण पुसायचं?"

"कोणीच नाही. पप्पा हात लावू द्यायचे नाहीत. वायर हलली की काम जातं म्हणायचे."

स्वप्नाने एक यंत्र उचललं. खाली स्वच्छ चौकोन. दुसरं उचललं, तसाच चौकोन. तिसऱ्याखालीही. चौथ्याची जागा तिने बोटाने चाचपली आणि तिचं बोट अडकल्यासारखं झालं. धूळ होतीच, पण कोरडी नाही. चिकट, पिवळट. तिने बोट नाकाशी नेलं. फोडणीच्या तेलाचा जुना खवट वास.

तिने स्टुलावरूनच खाली ओट्यावरच्या गॅसकडे बघितलं.

"काय मिळालं?" मेघनाने खालून विचारलं.

"पप्पा गेल्यावर या घरात कोणी स्वयंपाक केला?"

"छे. शेजारून डबे यायचे. मग मी घर बंदच केलं."

स्वप्ना खाली उतरली आणि साबणाने बोट धुवायला लागली. तेलकटपणा लवकर जाईना.

"मला दातारांकडे न्या," ती म्हणाली.

३

त्र्यंबक दातार बँकेतून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे. त्यांच्या हॉलमध्ये एक जुना मोठा संगणक घरघरत होता. त्याच्यावर त्यांनी प्रकल्पाचं पान उघडून ठेवलं होतं.

"रवींद्र आणि माझी स्पर्धा होती," ते म्हणाले. "गुणांची. हसू नका. या वयात माणसाला सकाळी उठून काहीतरी बघायला लागतं. रोज संध्याकाळी तो चहाला यायचा, आम्ही आकडे लावायचो. गेल्या काही महिन्यांत त्याने बुधवारचं येणं बंद केलं. विचारलं तर म्हणे, काम असतं. निवृत्त माणसाला कसलं आलंय दर बुधवारी काम?" त्यांनी चष्मा पुसला. "मला वाईट वाटलं होतं. आता सांगून काय उपयोग."

"हे यंत्र चोरून न्यायचं तर चोराला संगणकातलं किती कळायला हवं?"

"काहीच नाही. पडदा नसलेलं यंत्र एकदा नीट लावून दिलं की झालं. लिनक्स नावाची प्रणाली आहे आत, वीज मिळाली की आपोआप उठतं. इंटरनेटची वायर कुठल्याही घरच्या राउटरला खुपसा, काम सुरू. फक्त ज्याने ते लावलं तोच दुसऱ्या संगणकावरून आत शिरू शकतो, आज्ञा टाइप करून."

मेघनाने स्वप्नाकडे बघितलं. म्हणजे गोदा एकटीही हे करू शकली असती.

"शांता बाकीच्यांपेक्षा वेगळी होती का?"

"सगळ्यात जुनी, सगळ्यात गरीब. मेमरी जेमतेम. एका वेळी एकच काम, तेही अर्ध्या ताकदीने, नाहीतर तापायची. पण रवींद्रने तिच्यात काही विचित्र गोष्टी केल्या होत्या. आमचा त्यावरून वाद झाला." दातार खुर्चीत पुढे सरकले. "एक, तिला फक्त छोटी कामं घ्यायला लावलं. मोठ्या कामाला जे गुण तेच हिशेबाने छोट्यांना, मग उगाच धावपळ कशाला? दोन, झालेलं काम साठवून एकदम पाठवायचं असतं. हा म्हणाला, नाही, झालं की लगेच पाठव. आणि तीन, अर्धवट काम सारखं सारखं जपून ठेवायला लावलं. त्याने मेमरी कार्ड झिजतं. सांगितलं मी त्याला."

"ते जपून ठेवणं कशासाठी असतं?"

"मध्येच वीज गेली तर केलेलं फुकट जाऊ नये म्हणून. पण त्याच्या घरी इन्व्हर्टर आहे! त्या फळीवरची वीज वर्षानुवर्षं गेलेली नाही."

स्वप्ना पडद्याजवळ गेली. "शांता कधी काम पाठवते ते दिसतं इथे?"

दातारांनी पान खाली सरकवलं. "आधी रात्रंदिवस पाठवायची. गणपतीनंतर फक्त दिवसा. सकाळ झाली की सुरू, संध्याकाळी बंद. मला वाटलं, तापू नये म्हणून त्याने वेळ ठरवून दिली."

"आणि रवींद्र गेल्यावर त्यात काही फरक पडला?"

दातारांनी तारखा पुन्हा बोटाने वाचल्या. "नाही. काहीच नाही."

"म्हणजे काय, मॅडम?" मेघनाने विचारलं.

"अजून दोन माणसं भेटायची आहेत," स्वप्ना म्हणाली. "तुम्ही गाडीतच थांबा. तुम्हाला बघून ती दोघं तोंड उघडणार नाहीत."

४

खारेगावच्या जुन्या वस्तीत गोदाचं घर होतं. ती ओट्यावर वाल सोलत बसली होती. स्वप्नाने ओळख सांगितली तरी तिने मान वर केली नाही.

"मना कनाला पायजे तो डबा?" ती म्हणाली. "इतकी वर्सं त्या घरान जेवान केला. बाबांनी कवा किल्ली परत मागितली नाय. आन आता गेटवरचा वॉचमन मना आरवतो, आत सोरत नाय. बाकीच्या दोन घरांनी पन कामाला येऊ नको सांगितला."

"गोदाताई, मला फक्त जेवणाबद्दल विचारायचंय. बाबा काय खायचे?"

गोदाने पहिल्यांदा वर बघितलं. हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. "तिखाट. जाम तिखाट. सुकट, ठेचा. पन बुधवारी निराला. बुधवारी बोलायचे, गोदा, मऊ खिचडी कर, पातल, मिरची नको, मोहरी पन नको, घशान अडकल. ती डब्यान भरून नेत. मी विचारला, बाबा, तुमी आजारी हाव का? तर हसले."

"कुठे न्यायचे?"

"मी नाय विचारला. मोठ्या मानसाला कसा विचारायचा?"

आतून दिपेश बाहेर आला. कंबरेला वायर कापायची पक्कड, चेहऱ्यावर राग. "मॅडम, आत्याला त्रास देऊ नका. मला पकडायचंय तर पकडा. मी काय चोर दिसतो?"

"नाही. रवींद्रकाकांनी गणपतीच्या सुमारास तुला काही काम सांगितलेलं का? त्यांच्या घराबाहेरचं?"

दिपेशचा राग एकदम अडखळला. "तुम्हाला कोण बोललं? हां, सांगितलेलं. एका घरी इंटरनेट लावायचंय बोलले. डोंबिवलीला, एमआयडीसीच्या बाजूला. आपली लाइन तिथे जात नाय. मग मी रतनचा नंबर दिला, तिथला केबलवाला आहे तो. त्यानेच लावलं असेल."

"मेघनाताईंना हे का नाही सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं कुठे? आल्या आल्या चोर बोलल्या."

स्वप्नाने तिथूनच रतनला फोन लावला. दोनच मिनिटं बोलली. गाडीकडे परत आली तेव्हा तिच्याकडे एक पत्ता होता.

५

"चोरी झालीच नाही," गाडीचं दार लावत स्वप्ना म्हणाली.

"कशावरून?" मेघनाने विचारलं.

"फळीवर चौथ्या जागेवर तेलकट थर आहे. फोडणीचा धूर वर जातो, थंड होतो, धुळीला चिकटवतो. असा थर बसायला महिने लागतात. पण तुमचे पप्पा गेल्यापासून त्या घरात गॅस पेटलेला नाही. मग यंत्र नंतर चोरीला गेलं असतं तर ती जागा बाकीच्या तिन्हींच्या खालच्यासारखी स्वच्छ हवी होती, वर फार तर कोरडी धूळ. म्हणजे शांता तिथून हलली तेव्हा ते जिवंत होते, आणि गोदा रोज खाली स्वयंपाक करत होती."

"त्यांच्या नकळत कोणीतरी..."

"दातारांकडे ते रोज स्वतःच्या यंत्रांचे आकडे बघत. शांता रात्रीची बंद पडते हे त्यांना दिसत होतं. त्यांनी बोंब मारली नाही. उलट आधीच तयारी केलेली. वीज मध्येच गेली तरी काम वाया जाऊ नये, अशी. म्हणजे जिथे ती जाणार होती तिथे कोणीतरी रोज संध्याकाळी बटण बंद करणार, हे त्यांना माहीत होतं. छोटी कामं, झाली की लगेच पाठव. गुणांसाठी हे निरुपयोगी, दातार बरोबर बोलले. पण गुण कोणाला हवे होते? त्यांना ते यंत्र वारंवार बोलायला हवं होतं. सकाळी बटण चालू झालं की थोड्याच वेळात पानावर दिसणार, शांता उठली."

"म्हणजे?"

"म्हणजे तिथलं माणूस उठलं. जे फोनवर बोलू शकत नाही असं कोणीतरी, नाहीतर रोजचा एक फोन पुरला असता. ज्याला मिरची आणि मोहरी घशाला लागते."

मेघना खिडकीबाहेर बघत बसली. मुंब्र्याचा डोंगर मागे सरकत होता. ती म्हणाली, "आईच्या नावाचं यंत्र त्यांनी दुसऱ्या कोणाला दिलं."

 

६

डोंबिवलीच्या त्या इमारतीत तळमजल्यावरचं दार अर्धवट उघडं होतं. बाहेर कारखान्यांचा तो ओळखीचा आंबूस वास. पाटीवर नाव होतं, योगिनी फणसे.

साठीतली एक सडपातळ बाई खुर्चीतून उठली. गळ्याला सुती रुमाल गुंडाळलेला. तिने स्वप्नाकडे बघितलं, मग मेघनाकडे. मेघनाच्या कपाळाची ठेवण, भुवया, हनुवटी, सगळं वडिलांचं. बाईंचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट झाला. त्यांना काही सांगावंच लागलं नाही.

कोपऱ्यात टीव्हीखाली साबणाच्या डबीएवढं यंत्र होतं. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

योगिनीबाईंनी फोन घेतला आणि मोठ्या अक्षरांत टाइप करून पुढे धरला. 'कधी?'

मेघनाने तारीख सांगितली. बाईंनी डोळे मिटले. मग परत टाइप करायला लागल्या. त्यांची बोटं सवयीची होती, भरभर चालत होती.

'तुझ्या आईच्या शेजारच्या बेडवर होते मी, ठाण्याला. माझी स्वरपेटी काढली. ती गेली, मी राहिले. ते मला बघायला येत राहिले, आधी अधूनमधून, मग दर बुधवारी. मला कोणी नाही. पडले तर ओरडता येत नाही. म्हणून ते यंत्र. सकाळी बटण लावायचं, त्यांना कळायचं. त्यांची तिन्ही यंत्रं माझ्या फोनवर दिसायची.'

मेघना उभीच होती. "मग ती बंद पडल्यावर तुम्ही..."

'मेसेज केले. पोचलेच नाहीत.' मेघनाला आठवलं, पप्पांचा फोन नाशिकच्या कपाटात बंद पडलाय. 'पत्ता माहीत नव्हता, कळवा एवढंच. आधी वाटलं वीज नाही. मग वाटलं कंटाळले असतील माझा. रागावले मी त्यांच्यावर. पण बटण रोज लावत होते. दिसलं तर येतील.'

स्वप्ना दाराकडे वळली. यापुढचं ऐकायला तिला पैसे मिळालेले नव्हते. पण बाईंनी तिला हाताने थांबवलं, बसायला सांगितलं.

"हे नाव," मेघना कसंबसं म्हणाली. "यंत्राचं. बदलायला नको होतं का?"

योगिनीबाईंनी टीव्हीखालच्या हिरव्या दिव्याकडे बघितलं. मग लिहिलं, 'मी सांगितलं होतं बदला. ते म्हणाले, शांताच तुमच्यावर लक्ष ठेवेल. हॉस्पिटलात तीच मला पाणी पाजायची, स्वतःला उठता येत होतं तोवर.'

मेघना खाली बसली. तिने रडू आवरायचा प्रयत्न केला नाही. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, काढला, परत ठेवला. हक्क आहे की नाही हे त्यांना ठरवता येत नसावं.

मग त्यांनी फोन उचलला. या वेळी एकेक अक्षर सावकाश टाइप केलं.

'ते एकटे होते का?'

मेघनाने वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "मला सांगितलं, सकाळी गेले. मी पोचले तेव्हा सगळं आवरलेलं होतं. मी कोणाला विचारलंच नाही. मला वाटलं, एकटेच असणार. म्हणून विचारलं नाही."



"घरात त्या सकाळी कोण होतं, ते तुम्हाला माहीत आहे," स्वप्ना हळू आवाजात म्हणाली.

मेघनाने फोन काढला. नंबर लावायला तिला वेळ लागला. रिंग वाजत राहिली. मग पलीकडून सावध आवाज आला. "हॅलो?"

"गोदामावशी, मी मेघना. फोन ठेवू नका. तुम्ही काही नेलं नव्हतं. पप्पांनीच ते एकांना दिलेलं. माझं चुकलं. मी आजच सोसायटीत सांगते, बाकीच्या घरी पण स्वतः जाऊन सांगते." तिने श्वास घेतला. "मावशी, पप्पा गेले तेव्हा... एकटे होते का हो?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मेघनाने स्पीकर लावला आणि फोन योगिनीबाईंच्या समोर धरला.

"नाय ग पोरी," गोदा म्हणाली. "एकटे कशे? मी व्हते ना. मी गेले तवा खुर्चीन बसलेले, घाम आलेला. मी बोलले, दिपेशला बोलावते, रिक्षा आनते. फोन केला त्याला. बाबा बोलले, येल तो, तू बस. मी कवा बसले नव्हते त्या खुर्चीवर. त्यांनीच ओढली माझ्यासाठी. बोलले, बस ग जरा. मी बसले. हात धरला त्यांचा. मंग बोललेच नाय काय. दिपेश येस्तोवर मी हात सोरला नाय."

योगिनीबाई पुढे वाकून ऐकत होत्या. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

"तू कवा विचारलाच नाय," गोदा म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. "मी सांगनार व्हते."

मेघनाने डोळे पुसले. "मावशी, उद्या मी तुमच्याकडे येते. पहिल्यापासून सगळं सांगा मला." मग योगिनीबाईंकडे बघून म्हणाली, "आम्ही दोघी येतो."